सीट मागे घेऊ नये

“अप्पा, गाडीत काहीच न्हाई,” वर्कशॉपमधला बसवंत म्हणाला. “आमचा माणूस रेणापूर नाक्यापर्यंत जाऊन आला. पाण्यावानी चालून राहिली म्हणतो.”

“लातुरात पाणी कुठं चालून राहिलंय?” बाकावर बसलेला एक गिऱ्हाईक म्हणाला. दोघे-तिघे हसले.

मी गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरची सीट पार मागे नेलेली होती. मी सीटवर ठेवलेला पुठ्ठा मागच्या बाजूला पडला होता. त्या पुठ्ठ्यावर मी लाल रंगाने, टँकरवर लिहितात तशा अक्षरांत लिहिलं होतं – सीट मागे घेऊ नये.

“सीट कुणी मागं घेतली?”

“ट्रायलला घ्यावीच लागतीय ना अप्पा. आमचा ट्रायलवाला ताडमाड गडी. तो काय मांडीत तोंड घालून चालवंल?”

“लिहून ठेवलं होतं मी.”

“वाचलं त्यानं. हसला आन् ठेवला पुठ्ठा मागं. जाऊ द्या, मी बोलतो त्याला.”

तो बोलणार नव्हता, हे मला माहीत होतं. मागच्या खेपेलाही तो असंच म्हणाला होता. मी वाकून सीटखालची दांडी ओढली आणि सीट पुढे आणली. खाली रुळाला खाचा असतात. शेवटच्या खाचेच्या अलीकडची खाच. तिथे सीट बसली की एक बारीक आवाज येतो. तो आला तेव्हा मी दांडी सोडली. मग आधी डोकं, मग एक पाय, मग दुसरा, असा आत शिरलो. गुडघे स्टेअरिंगच्या दोन बाजूंना आले. बसवंत बघत होता. त्याने काही विचारलं नाही. वर्कशॉपच्या माणसाला दिवसभर नाना तऱ्हेची माणसं भेटतात.

“गाडी धुतली न्हाई बरं का,” तो म्हणाला. “वॉशिंग बंद हाय. कलेक्टरचा हुकूम हाय.”

माझं नाव गुरुपादप्पा. उदगीरला राहतो. जिल्हा परिषदेच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होतो. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नव्या जिल्हा परिषदेला ड्रायव्हर पाहिजे होते. मला नोकरी लागली आणि त्याच वर्षी लग्न झालं. आता निवृत्त आहे. गाडी माझी नाही. माझ्या बायकोची, उमादेवीची आहे. ती देवणीच्या शाळेत शिक्षिका होती. मागच्या दिवाळीच्या आधी वारली. आम्हाला मूलबाळ नाही.

तिचा डावा गुडघा लहानपणी मोडला होता आणि नीट जुळला नव्हता. पूर्ण मिटायचा नाही. उदगीरहून देवणीला ती एसटीने जायची. पन्नाशी उलटल्यावर पायऱ्या चढवेनात, तेव्हा तिने गाडी घ्यायचं ठरवलं. मी म्हणालो, मी सोडत जाईन. ती म्हणाली, “तुम्ही सगळ्या तालुक्याला पाणी सोडत हिंडता. मला सोडायला कधी येणार?” ते खरं होतं. लातूरच्या शोरूममध्ये त्यांनी एक गाडी दाखवली. तिला क्लच नव्हता. गिअर गाडीच टाकायची. डाव्या पायाला काही कामच नाही, असं शोरूमचा माणूस म्हणाला. उमाने त्याच दिवशी ती गाडी नोंदवली.

ती गाडी चांगली चालवायची. सावकाश, पण चांगली. उतरताना तेवढा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढायची. शाळेतल्या पंचफुलाबाई तिच्या शेजारी बसून जायच्या. दोघी गप्पा मारत जायच्या, गप्पा मारत यायच्या. गाडीची एकही तक्रार कधी आली नाही.

ती गेली त्या साली पाऊस झालाच नव्हता. नळाला पाणी पंधरवड्याने यायचं, म्हणून सगळ्या गल्लीने पिंपं भरून ठेवली होती. आम्हीही ठेवली होती. त्यात डास झाले. एके दिवशी उमा शाळेतून तापाने फणफणत आली. अंगणात गाडी लावली, आत येऊन पडली. डेंग्यू निघाला. लातूरला नेलं ते अॅम्ब्युलन्सने. परत आणलं तेही अॅम्ब्युलन्सने. गाडी अंगणातच होती.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. खड्डा खणून त्याच्या एका बाजूला कोनाडा काढतात आणि त्यात बसवतात. जमीन इतकी वाळली होती की पहार टणटण वाजत होती. उमाला बसवायला घेतलं तर डावा गुडघा मिटेना. भावकीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. जंगमस्वामी म्हणाले, “ओढाताण करू नका. पाय लांब राहू द्या.” मग कोनाडा त्या बाजूने थोडा वाढवला. ती तशी बसली. एक पाय मांडी घातलेला, एक लांब.

पुढे कधीतरी गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून मी दार उघडलं. सीट पुढे होती. उमा बुटकी, माझ्या खांद्याला लागायची. मी कसाबसा आत शिरलो. सीट मागे घ्यायला खाली हात घातला, दांडी हाताला लागली आणि मी हात काढून घेतला. ती उतरली तेव्हा सीट जिथे होती तिथेच ती होती. घरातलं बाकी सगळं लोकांनी हलवलं होतं. तिच्या साड्या बहिणी घेऊन गेल्या. खाट बाहेर काढली. सोवळ्यापासून पोथीपर्यंत सगळ्याला कुणाचा ना कुणाचा हात लागला होता. ही एकच वस्तू तिने ठेवली तशी होती.

म्हणून मी सीट हलवली नाही. मधला आरसाही हलवला नाही. त्यात मला रस्ता दिसत नसे, मागची रिकामी सीट दिसायची. बाजूच्या आरशांवर भागत होतं. ट्रक-टँकर चालवणाऱ्याला मधल्या आरशाची सवय नसतेच.

आणि तेव्हापासून गाडी बिघडायला लागली.

गावात काही व्हायचं नाही. गाव सुटून सरळ रस्ता लागला की काही वेळाने गाडी आचके द्यायची. पुढे जावं की नको असं करायची. मग समोर पिवळा दिवा लागायचा, गिअरचं चिन्ह यायचं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रडतखडत चालायची. बाजूला घेऊन बंद करून ठेवली की थोड्या वेळाने पुन्हा सुरळीत. वॉरंटी होती, म्हणून मी लातूरला नेली. पहिल्यांदा त्यांनी कॉम्प्युटर लावून दिवा घालवला. दुसऱ्यांदा म्हणाले ब्रेकचा स्विच खराब आहे, तो चुकीचा निरोप देतो. तो बदलला. ब्रेकचे पॅडही झिजले होते, तेही नवे टाकले. बसवंतने तेव्हा विचारलं होतं, “अप्पा, घाटात चालवता काय?”

“उदगीरला घाट कुठला?”

“मग एवढं ब्रेक कामून घासले?”

मी म्हणालो, “कंपनीचाच माल असंल हलका.” तो हसला.

तर त्या दिवशी, तिसऱ्या खेपेला, वर्कशॉपमधून निघालो. लातूरच्या गल्ल्यांतून घागरींच्या रांगा होत्या. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि सगळीकडे तेवढाच विषय होता. गाव मागे पडलं. समोरून टँकर येत होते. त्यातल्या जुन्या ड्रायव्हरांनी मला ओळखून हात वर केले. गाडी छान चालली होती. नळेगाव जवळ आलं आणि पहिला आचका बसला. मग दुसरा. मग पिवळा दिवा.

नळेगावच्या अलीकडे शांतम्माचं चहाचं दुकान आहे. गाडी आता दरवेळी तिथेच येऊन थकायची. मी बाजूला घेतली. शांतम्मा भांडं पुसत होती. पाणी वाचवायला ती कप राखेने घासून फडक्याने पुसायची.

“आली का पालखी?” ती म्हणाली.

“आली.”

“लातूरवाल्यानं काय सांगितलं?”

“काही न्हाई म्हणतो गाडीत.”

“काही न्हाई तर माझ्या दारात कामून बसती ही? चहाची तल्लफ येती काय तिला?” तिने अर्धा ग्लास पाणी पुढे केलं. अर्ध्याहून जास्त ती कुणालाच देत नव्हती. “विकून टाका अप्पा. एकट्या जिवाला कशाला पाहिजे गाडी? एसटी हाय की.”

मी चहा प्यायलो. गाडी थंड झाली. मी निघालो.

चौथ्या खेपेला मी आवाज चढवला नाही, पण उठलोही नाही. बसवंतच्या टेबलासमोर बसून राहिलो. त्याने बरेच फोन केले. मेहनती पोरगा होता तो. सीटचं सोडलं तर त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी तो हसत हसत आला.

“अप्पा, काम झालं! कंपनीनं मान्य केलं. दोष सापडत न्हाई, वॉरंटी पुढच्या महिन्यात संपती, म्हणून गाडीच बदलून देऊन राहिले. नवीकोरी. ह्याच रंगाची. सोमवारी नांदेडचे इंजिनिअर साहेब येतेत, त्यांच्या सहीनं ही गाडी जमा करायची आन् नवी घेऊन जायची. नशीब लागतं अप्पा!”

“ही गाडी कुठं जाईल?”

“कंपनीला. ते खोलतेन, बघतेन, भंगारात घालतेन. तुम्हाला काय करायचंय?”

“गिअर तेवढा बदलून द्या. गाडी राहू द्या.”

“गिअरबॉक्स बदलायची वेळ निघून गेली अप्पा. नुसता तो बदलून गाडी पुन्हा अडली तर? कंपनी एकदाच देती. आता न्हाई म्हणलात तर वॉरंटी संपल्यावर तुम्ही आन् तुमची गाडी.”

“सीट काढून नव्या गाडीत बसवता येईल का?”

बसवंतला वाटलं मी थट्टा करतोय. तो मोठ्याने हसला. शेजारच्या टेबलावरचाही हसला. मग त्याने माझं तोंड बघितलं.

“सीटला काय झालंय अप्पा? नवी सीट येती की.”

मी म्हणालो, सोमवारी येतो.

घरी आल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही. ही गाडी ठेवावी तर ती चालत नव्हती. वॉरंटी संपली की अंगणात उभी राहून गंजणार. नवी घ्यावी तर ही जाणार. गाडीचं मला काही वाटत नव्हतं. गाड्या मी जन्मभर हाकल्या आणि डेपोत लावून चावी देऊन आलो. पण त्या खाचेत ती सीट आधी तिने बसवली होती, मी नुसती परत तिथे आणत होतो. दुसऱ्या गाडीत मी तीच खाच मोजून लावली तरी ती मी लावलेली असणार.

रविवारी पंचफुलाबाईंचा फोन आला. दुष्काळ म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत पोरांना जेवण शिजत होतं आणि शिक्षकांच्या पाळ्या लागल्या होत्या. उद्या सकाळी त्यांची पाळी होती.

“भाऊ, उमाताईचं कपाट रिकामं करायला सांगितलंय. नवी बाई येणार हाय. सामान घेऊन जाता का? माझ्या स्कूटीवर बसायचं न्हाई सगळं.”

मी म्हणालो, येतो. तसाच पुढे गाडी जमा करायला लातूरला जाईन.

सोमवारी सकाळी देवणीला गेलो. जाताना गाडी एकदा अडली, तेव्हा रस्त्याकडेला थांबलो. शाळेच्या आवारात पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. पंचफुलाबाई वाढत होत्या. उंचीने त्या उमाएवढ्याच, आवाजाने दुप्पट. खिचडी वाटून झाल्यावर त्यांनी सामान आणून गाडीत ठेवलं. एक छत्री, जेवणाचा डबा, चष्म्याचं रिकामं घर, पोरांच्या चित्रांची गुंडाळी.

“ह्या गाडीत बसून सहा महिने झाले की हो,” त्या म्हणाल्या आणि दारावरून हात फिरवला. हाताला धूळ लागली. “आज देऊन टाकणार म्हणे?”

“बिघडती सारखी.”

“ताईच्या हातात कधी बिघडली न्हाई. आमच्या गप्पा ऐकत निवांत चालायची.” त्यांनी पदराने हात पुसला. “उदगीर जिल्हा होणार म्हणून बोर्ड लागलेत सगळीकडे. झाला असता तर शोरूम हितंच आलं असतं. तुमच्या लातूरच्या चकरा तरी वाचल्या असत्या. चला, तुम्ही पुढं व्हा. मी येते मागून. माझी बी सुट्टी झाली.”

मी पुढे निघालो. त्या स्कूटीवर मागे होत्या. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंनी काळी उघडी रानं. छावणीकडे चाऱ्याचा एक ट्रक चालला होता. उदगीर दिसायला लागलं तेव्हा गाडीने पहिला आचका दिला. दिवा लागेपर्यंत मी पेट्रोल पंपाच्या सावलीत आलो होतो. गाडी उभी केली.

पंचफुलाबाई मागून आल्या आणि स्कूटी आडवी लावली.

“काय भाऊ, मला मारता का काय?”

“का? काय झालं?”

“देवणीपासून तुमचं मागचं लाल दिवं लागलेलंच हायत. मला वाटतंय आता थांबतेत, आता थांबतेत. मी आपली ब्रेक दाबून दाबून हैराण. मग म्हणलं, जाऊ द्या, ह्यांचं दिवंच बिघडलेत.”

“स्विच बदललाय त्याचा.”

“मग बदलणाऱ्यानं बी बिघडलेलाच बसवला. करा बघू पुन्हा, मी बघते.”

त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी ब्रेक दाबला.

“लागलं!”

सोडला.

“गेलं! आता तर बरोबर हाय की.”

“चालताना लागतात म्हणता ना?”

“हाव. मग चालताना बसता तसं बसा.”

मी बसतो तसा बसलो. उजवा पाय पुढे. डावा पाय सीट आणि स्टेअरिंगच्या मधे मिटून, जिथे जागा मिळेल तिथे.

“लागलं!” मागून आवाज आला.

मी हललो नाही. पंचफुलाबाई पुढे आल्या. काचेतून आत बघितलं. माझे गुडघे बघितले, मग आणखी वाकून खाली बघितलं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमचा डावा पाय कुठं हाय?”

मी खाली बघितलं. डावा पाय ब्रेकवर होता. दाबलेला नव्हता. नुसता टेकलेला होता. ती गाडी दोन पायांनी चालवायची असल्यासारखा. त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. आत मिटलेला पाय लांब करायचा तर समोर तो ब्रेकचा रुंद पट्टा. गावात मी त्याला आवरून धरत असणार. सरळ रस्ता लागला की तो आपोआप सैल सोडला जात असणार, आणि मग एका पायाने रेस आणि दुसऱ्याने ब्रेक. गाडी तरी काय करणार? वर्कशॉपमधला लांब माणूस सीट मागे घ्यायचा आणि त्याला कधी काही सापडायचं नाही.

गाडी नवी होती तेव्हा बाजार समितीच्या मैदानात आम्ही शिकायला जायचो. मी तिला शिकवायला म्हणून गेलो होतो. माझा डावा पाय क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. गाडी खाडकन थांबायची. उमा शेजारी बसून पोट धरून हसायची. “तुमच्या डाव्या पायाला रिटायर करा हो,” म्हणायची. पुढे ती खोड गेली होती. सीट माझ्या मापाची असायची तेव्हा गेली होती.

“अहो, कोंबड्यावानी बसून चालवलं तर दुसरं काय होणार?” पंचफुलाबाई म्हणाल्या. “सीट घ्या की मागं.”

 त्यांनी सीटकडे बघितलं. आरशाकडे बघितलं. मागच्या बाजूला पडलेला पुठ्ठा काचेतून वाचला.   मग त्यांनी स्कूटी सुरू केली.

“लातूरला सावकाश जा,” म्हणाल्या. “पाय संभाळा.”

लातूरला मी सावकाश गेलो. डावा पाय उचलून सीटच्या कडेला आवळून धरला होता. मांडीला पेटके आले. दोनदा उतरून पाय झटकला. पण पिवळा दिवा लागला नाही. नळेगाव तसंच मागे गेलं.

नवी गाडी वर्कशॉपच्या आवारात उभी होती. पुढे हार घातलेला होता, सीटवर प्लास्टिक होतं. नांदेडचे इंजिनिअर साहेब कागद घेऊन बसले होते. चाळिशीचा, शांत माणूस. बसवंत पुढे आला.

“या अप्पा! बघा कशी चकचकून राहिली. टँकर मागवून धुतली, फक्त तुमच्यासाठी. तुमचा पुठ्ठा नव्या गाडीत ठेवू का?”

“नको,” मी म्हणालो. “साहेब, गाडीत दोष न्हाई. दोष माझ्या पायात हाय. डावा पाय ब्रेकवर राहून राहिला होता.”

बसवंतचा चेहरा उतरला. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“चालत्या गाडीत?”

“हाव. रेस आणि ब्रेक एकदमच.”

“कॉम्प्युटरला तसंच येत होतं,” ते बसवंतला म्हणाले. “ब्रेक दाबलेला दाखवत होतं. तुम्ही स्विच बदलला.”

“सर, अप्पा जन्मभराचे ड्रायव्हर. ब्रेकवर पाय ठेवून चालवतेन असं कसं वाटंल?”

साहेब उठून गाडीपाशी गेले. दार उघडून सीट बघितली, मग माझी उंची बघितली.

“सीट एवढी पुढं का?”

“बायकोची हाय ती.”

“त्या नाही आल्या?”

“न्हाई. गेली ती. दिवाळीच्या आधी.”

त्यांनी पुठ्ठा उचलला, वाचला आणि होता तिथेच ठेवून दिला. मग म्हणाले, “चला, एक ट्रायल घेऊ. सीट मागं घ्या.”

बसवंत मदतीला वाकला. मी त्याला म्हणालो, राहू दे. मी स्वतः दांडी ओढली आणि सीट मागे रेटली. ती सहज गेली. मला वाटलं होतं जड जाईल. मग आरसा सारखा केला. त्यात मागचा रस्ता दिसला, वर्कशॉपचं फाटक दिसलं. साहेब शेजारी बसले. आम्ही औसा रस्त्याला बरंच लांब जाऊन आलो. माझा डावा पाय कडेला, पाय ठेवायची जागा असते तिथे, लांब पसरलेला होता. गाडीने एकही आचका दिला नाही.

परत आल्यावर साहेबांनी कागद फाडले. बसवंत मला कोपऱ्यात घेऊन गेला.

“अप्पा, मला सांगायचं, साहेबाला कशाला? गप सही करून नवी न्यायची. वरनं मंजूर झालतं सगळं. मी किती बोंबललो तुमच्यासाठी फोनवर.”

“माहीत हाय मला. पण मला हीच पाहिजे.”

“हिच्यात काय हाय असं?”

 मी चावी घेतली. त्याने नव्या गाडीवरचा हार काढला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या गाडीच्या पुढे अडकवला. “वाया कशाला घालवायचा,” म्हणाला.

नळेगावला मी गाडी बाजूला घेतली. शांतम्मा बाहेर आली. हार बघितला.

“नवी घेतली?”

“न्हाई. तीच हाय.”

“आज बी बिघडली?”

“न्हाई. बरी झाली.”

“मग थांबलात कशाला?”

“चहाला.”

तिने चूल फुंकली. लाकडं ओली नव्हती, पण धड पेटत नव्हती आणि धूर होत होता. गाडीतला पुठ्ठा तिला दिसला. “तेवढा द्या की वारा घालायला. लागतो का तुम्हाला?”

मी काढून दिला. तिने तो उलटसुलट बघितला. “काय लिहिलंय ह्याच्यावर?”

“गाडीचं हाय. जुनं.”

ती वारा घालायला लागली. मी चहा प्यायलो. तिने पाणी दिलं, अर्धा ग्लास.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गाडी अंगणात उमा लावायची तशी, भिंतीला धरून लावली. इंजिन बंद केलं. छत्री, डबा आणि चष्म्याचं घर मागच्या सीटवर होतं. ते नंतर न्यायचं ठरवलं. आरसा तिच्याजोगा खाली वळवला. मग वाकून दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली. शेवटच्या खाचेच्या अलीकडची खाच. बारीक आवाज आला.

तेव्हापासून रोज असंच करतो. निघताना सीट मागे घेतो, आल्यावर पुढे करतो. गाडी अडत नाही.

पुढे केल्यावर उतरायला त्रास होतो. त्या पहिल्या दिवशी गुडघा स्टेअरिंगला लागला. मी आधी उजवा पाय बाहेर काढला, मग डावा दोन्ही हातांनी उचलून, सावकाश.